हिरकणीची हरिकणी: सहीपट्टीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहीपट्टीवर म्हणजे सिग्नेचर ग्राफिकवर दोन पानं लिहिली होती. आपण लिहिलेल्या मजकुराखाली किंवा ईमेलच्या शेवटी नावासकट लावायची ती छोटी आडवी चित्रपट्टी, तीच. मला वाटलं आता ही कोण करतंय, हा सगळा २००३-०४ च्या वेळचा नाद, तेव्हा मी रात्र रात्र पेंट शॉप प्रो उघडून बसायचे आणि आई म्हणायची डोळे जातील. पण प्रश्न एवढे आले की हा अख्खा कॉलम त्यातच गेला. ज्यांचे प्रश्न सारखेच होते त्यांना एकत्रच उत्तर दिलंय, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी महाडची. माझं ऑनलाइन टोपणनाव 'हिरकणी'. फोटोशॉपमध्ये टाइप केलं की ते 'हरिकणी' होतं! र्‍हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं तर तुटतातच, मध्ये पाय मोडलेलं दिसतं. भावाच्या कॉम्प्युटरवरचं जुनं फोटोशॉप आहे. मोबाइलवर तर बरोबर दिसतं मग इथेच काय होतं? फॉन्ट चार बदलून बघितले.

उत्तर: अगं फॉन्ट चाळीस बदललेस तरी काही होणार नाही, कारण दोष फॉन्टचा नाहीचे. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटर सगळीकडे अक्षरं साठवायच्या एकाच ठरलेल्या पद्धतीत, र्‍हस्व वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर, आणि दाखवायची असते अक्षराच्या आधी. म्हणजे आत क्रम असतो ह, वेलांटी, र. ही उलटापालट करायचं काम, आणि प आणि र चा 'प्र' करायचं काम, सॉफ्टवेअरमधलं टेक्स्ट इंजिन करतं. फोटोशॉपचं नेहमीचं इंजिन इंग्रजी आणि चिनी-जपानी डोळ्यासमोर ठेवून केलेलं, त्याला ही उलटापालट माहीतच नाही, ते बिचारं जसं आलं तसं एकामागोमाग एक मांडून मोकळं होतं, म्हणून वेलांटी र ला चिकटलेली दिसते आणि रायगडावरच्या हिरकणीची हरिकणी होते.

उपाय असा. एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात टाइप. तिथे टेक्स्ट इंजिन निवडायची जागा असते, त्यात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय घे, नंतरच्या व्हर्जनमध्ये त्यालाच 'वर्ल्ड-रेडी लेआउट' म्हणतात. मग फोटोशॉप बंद करून परत चालू कर. आणि इथेच निम्मे लोक अडकतात, की आधी टाइप केलेली ओळ आपोआप सुधारत नाही. ती ओळ निवडून पॅराग्राफ पॅनलच्या कोपर्‍यातला छोटा मेनू उघडायचा आणि त्यात 'वर्ल्ड-रेडी' ने सुरू होणारा कंपोझर निवडायचा. झालं, वेलांटी उडी मारून जागेवर येते, मला अजूनही ते बघायला मजा वाटते.

भावाचं फोटोशॉप फारच जुनं असेल आणि हा पर्यायच नसेल तर त्याच्याशी भांडत बसू नको. गिंप घे, फुकट आहे, बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेलं, १९९६ पासून चालू आहे आणि त्याला देवनागरी नीट येते. नाव तिथे मोठ्या आकारात टाइप करायचं, पारदर्शक बॅकग्राउंड ठेवून पीएनजी काढायचं आणि ते चित्र म्हणून फोटोशॉपात आणायचं. इंकस्केपमधूनही जमतं.

एक सांगायचं राहिलं. कुणीतरी तुला सांगेल की शिवाजी किंवा तसला जुना डीटीपीवाला फॉन्ट टाक, त्यात काही तुटत नाही. खरंय, तुटत नाही. कारण त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, वेलांटी वेगळी, अर्धा प वेगळा, आणि तुम्ही हाताने एकेक तुकडा ओळीने लावता. गावोगावच्या फ्लेक्सवाल्यांचं अजून त्यावरच चाललंय आणि चित्रापुरतं ते चालतंही. पण मोबाइलवरून कॉपी केलेलं युनिकोड नाव त्या फॉन्टात उमटणार नाही, आणि त्या फॉन्टातलं नाव कॉपी करून दुसरीकडे टाकलं तर अगम्य इंग्रजी कचरा मिळतो. शिवाय त्याचा कीबोर्ड नव्याने शिकावा लागतो, एका नावासाठी कशाला?

प्रश्न: मी कोल्हापूरचा. इंग्रजी व्हिडिओ बघून पट्टी केली, त्यात अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून नाव एकदम पॉश दिसत होतं. मी मराठीत तेच केलं तर नाव फाटल्यासारखं दिसतंय. आणि खालची बारीक ओळ वाचताच येत नाही. सोबत चित्र जोडलंय, बघून सांगा.

उत्तर: बघितलं. फाटल्यासारखं दिसतंय कारण ते खरंच फाटलंय. शिरोरेषा फाटलीय! इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना लांब लांब उभं केलं की ऐटदार दिसतात. आपली अक्षरं एका रेषेला लटकलेली असतात, ट्रॅकिंग म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ती रेष प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि शब्द म्हणजे पडलेले दात दिसतो. मला विचाराल तर मराठी पट्ट्या बिघडायचं एक नंबरचं कारण हेच आहे, की आपण इंग्रजी ट्युटोरियल जसंच्या तसं करतो. ट्रॅकिंग शून्यावर ठेवा, बास.

मग ऐसपैसपणा कसा आणायचा? रेषेतूनच आणायचा. मी काय करते सांगते. नाव टाइप केलं की चांगलं झूम करून शिरोरेषेची जाडी पिक्सेलमध्ये मोजते, समजा ४ आली, तर बरोब्बर ४ पिक्सेल उंचीचा आयत त्याच उंचीवर, त्याच रंगात काढते आणि डावीउजवीकडे पट्टीच्या कडेपर्यंत नेते. आता नाव दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं त्या रेषेला लटकतं आणि पट्टीचे दोन भाग आपोआप पडतात, वर चित्र खाली अक्षरं. कधी रेष फक्त उजवीकडेच नेते आणि टोकाला हळूच विरवते. इंग्रजीवाल्यांना हे करता येत नाही, त्यांना रेषच नाही, हेहे.

बारीक ओळीचं दुसरं दुखणं. इंग्रजीत ८ पिक्सेलचे पिक्सेल-फॉन्ट असतात, अँटिएलियास (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं) बंद करून वापरले की कोरल्यासारखे दिसतात आणि जुन्या पट्ट्यांमध्ये ते हमखास असायचे. आपलं अक्षर तीनमजली आहे, वर मात्रा-वेलांट्या-अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार-ऋकार. ८ पिक्सेलात तीन मजले बांधले तर माणसं राहणार कुठे. तुमच्या पट्टीतली 'दृष्टी' मला आधी 'दष्टी' वाटली. माझा हिशोब असा की पट्टी १२० पिक्सेल उंच असेल तर नाव ४० ते ४८, आणि खालची ओळ १६ च्या खाली अजिबात नाही. सोळात ती मावत नसेल तर ओळ लहान करा, अक्षर लहान करू नका. अँटिएलियासला 'शार्प' किंवा 'क्रिस्प' ठेवून बघा, 'स्मूद' मध्ये बारीक अक्षरं धुक्यात जातात. आणि स्ट्रोक म्हणजे बाहेरची कड नावाला १ किंवा २ पिक्सेल ठीक आहे, पण तुम्ही ५ दिलीय त्यामुळे 'क्ष' आणि 'ष्ट' ची पोटं भरून गेलीत.

फॉन्टबद्दल पण विचारलंय. गूगल फॉन्ट्सवर फुकट आणि चांगले भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, त्यांचाच तो गुबगुबीत मोदक (फक्त मोठ्या आकारात हं, लहान केला की नुसते डाग), हातच्या अक्षरासारखा कलम, रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन. आणि तुम्हाला मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा असेल, मला तर हवाच असतो, हिंदी वळणाचा ल बघितला की आपलं नाव शेजार्‍याने लिहिल्यासारखं वाटतं, तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात मुद्दाम मराठी आकार आहेत. काही फॉन्टांमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी सांगितली की ते बदलतात, गिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा रकाना त्यासाठीच आहे.

प्रश्न: मॅडम नमस्कार, बारामती. आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी पट्टी केलीय, ५०० बाय १५०. त्यात राजगड, तोरणा, दोन झेंडे, ग्रुपचा लोगो, आम्हा सात जणांचे फोटो, घोषवाक्य आणि स्थापना वर्ष आहे. सगळं सुंदर आहे पण एकत्र बघितलं की काय चुकतंय कळत नाही. काही इफेक्ट सुचवा.

उत्तर: दादा, इफेक्ट नको, कात्री घ्या. ही पट्टी नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, फक्त चौकात लावायचा बाकी आहे. १५० पिक्सेल उंचीत सात चेहरे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला फार तर ४० पिक्सेल, तुमच्या आयांना तरी ओळखू येतील का शंका आहे.

सहीबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. आपल्याकडच्या जुन्या वतनी कागदांवर, महजरांवर म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, ज्यांना लिहिता यायचं नाही ते सहीच्या जागी चित्र काढायचे. पाटील असेल तर नांगर, 'निशाणी नांगर' असं लिहिलेलंच असतं शेजारी, आणि बाकीचे बलुतेदार आपापल्या कामाचं हत्यार काढायचे. म्हणजे ग्राफिक सिग्नेचर आपल्याकडे फोटोशॉपच्या कितीतरी आधी आहे! आणि बघा, त्यात पाटलाने नांगर काढला, बैल, शेत, विहीर, घरची माणसं असं नाही काढलं. एकच वस्तू, दहा हात लांबून ओळखू येईल अशी. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असायची, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे इथे पत्र संपलं. दोनच शब्द.

तर तुमचा नांगर कुठला ते ठरवा. माझं मत राजगड. पण अख्खा किल्ला नको, बालेकिल्ल्याचा नुसता आकार, आकाशावर काळा. तो डावीकडे एक तृतीयांश जागेत. नाव उजवीकडे. मधे काही नाही, खरंच काही नाही, मोकळं आकाश राहू द्या. लोगो नावाआधी बारकासा चालेल. घोषवाक्य आणि सात जणांचा फोटो ग्रुपच्या पानावर टाका. तोरण्याला वाईट वाटणार नाही. एकदा हे करून ते दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि मग ती जुनी मला परत पाठवू नका.

प्रश्न: मी नागपूरला इंजिनिअरिंग करतो. ताडोबात मी स्वतः काढलेला वाघाचा फोटो कापून जंगलाच्या दुसर्‍या बॅकग्राउंडवर टाकला. कितीही नीट कापला तरी वाघ स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो. कटिंगला दोन तास घातले. मिशा पण गेल्या.

उत्तर: स्वतः काढलेला वाघ! आधी अभिनंदन, आम्ही तीनदा जाऊन फक्त जिप्सीची धूळ खाऊन आलो.

कटिंग तुझं ठीक आहे, मी झूम करून बघितलं. गडबड उजेडाची आहे. वाघावर ऊन उजवीकडून येतंय आणि मागच्या झाडांवर डावीकडून. डोळ्याला हे लगेच कळतं, फक्त काय कळलं ते सांगता येत नाही, म्हणून माणूस कड घासत बसतो. बॅकग्राउंड आडवं फ्लिप कर, जंगल कुठूनही जंगलच असतं. वाघ फ्लिप करू नको, ताडोबाचे गाईड पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कुणीतरी पकडेल.

मग रंग. तुझा वाघ सकाळच्या पिवळ्या उन्हातला आणि जंगल ढगाळ दुपारचं निळसर. कलर बॅलन्सने वाघाच्या सावल्यांमध्ये थोडा निळा घाल, आणि सगळ्यात वर, वाघ आणि जंगल दोघांच्याही वर, एक ग्रेडियंट मॅप टाक, गडद हिरव्यापासून फिक्या पिवळ्यापर्यंत, ब्लेंडिंग सॉफ्ट लाइट, अपॅसिटी २० ते ३० टक्के. याने काय होतं की दोन वेगळ्या फोटोंना एकाच भांड्यातला रंग लागतो. जुने पट्टीवाले यालाच सगळं श्रेय द्यायचे. मी निम्मं देते, उजेड चुकला असेल तर ग्रेडियंट मॅपही काही करू शकत नाही.

कडेला जी फिकट रेघ राहिलीय ती जुन्या बॅकग्राउंडची आहे. सिलेक्शन १ पिक्सेलने आत घे, अर्धा पिक्सेल फेदर दे, म्हणजे कड तेवढी मऊ होते. फोटोशॉपात डीफ्रिंज पण आहे त्यासाठी. आणि इरेझर वापरलास ना? वापरलाच असणार. इरेझर नको, लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) मास्क वापर, काळ्याने झाक पांढर्‍याने उघड, म्हणजे गेलेली मिशी परत आणता येते. तशी मिशी कापून कधीच नीट येत नाही, ती सोडून द्यायची आणि शेवटी १ पिक्सेलच्या ब्रशने पांढरट रंगात चार फटकारे मारायचे, ४०० पिक्सेलच्या पट्टीत कुणाला कळत नाही.

अजून दोन गोष्टी भराभर सांगते. वाघाच्या पायाखाली सावली नाहीये, म्हणून तो तरंगतोय. नवा लेअर, मल्टिप्लाय, मऊ ब्रश, काळा नको गडद हिरवा-तपकिरी घे. आणि तू ४००० पिक्सेलचा फोटो थेट लहान केलास त्यामुळे तो जरा मऊ पडलाय, लहान केल्यानंतर अनशार्प मास्क दे, रेडियस अर्ध्या पिक्सेलच्या आसपास, अमाउंट ६०-७०, आधी देऊन उपयोग नसतो. सगळ्यात शेवटी पूर्ण पट्टीवर १-२ टक्के नॉइज. सगळं काम करताना मधून मधून १०० टक्के झूमवर येऊन बघत जा, तू ६०० टक्क्यांवर दोन तास घासलेलं कुणीच बघणार नाहीये.

(सहज आठवलं, फोटोशॉप आलं १९९० मध्ये पण त्यात लेअर आले १९९४ ला, तिसर्‍या व्हर्जनला. त्याआधी वाघ एकदा चिकटवला की चिकटला. कसे काम करत असतील देव जाणे.)

प्रश्न: मी ठाण्याचा, वय ७१, बँकेतून निवृत्त. नातवाने गिंप शिकवले. दिवाळीसाठी हलणार्‍या ज्योतीची पणती आणि खाली माझे नाव अशी जिफ केली. तीन अडचणी आहेत. पणतीच्या कडेला पांढरी घाणेरडी किनार दिसते. मागचे आकाश पट्ट्यापट्ट्यांचे झाले. आणि ज्योत ज्योतीसारखी न हलता सिग्नलसारखी लागते-विझते.

उत्तर: काका, एकाहत्तराव्या वर्षी फ्रेम अ‍ॅनिमेशन! नातवाला माझा नमस्कार सांगा. प्रश्नसुद्धा बँकेतल्यासारखे क्रमवार विचारलेत.

किनारीचं असं आहे की जिफ हा प्रकार १९८७ चा, त्यात एखादा पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो नाहीतर पूर्ण भरीव, मधलं काही नाही. पणतीची गोल कड गुळगुळीत दिसायला जे अर्धपारदर्शक पिक्सेल लागतात त्यांना मग कुठलातरी रंग घ्यावाच लागतो आणि तुमच्याकडे तो पांढरा घेतला गेला. पांढर्‍या पानावर दिसणार नाही, पण हल्ली निम्मे लोक मोबाइल डार्क मोडमध्ये ठेवतात, तिथे ती किनार ट्यूबलाइटसारखी दिसते. पट्टी कुठल्या रंगावर बसणार ते नक्की असेल तर गिंपमध्ये बॅकग्राउंड रंग तो ठेवून सेमी-फ्लॅटन करता येतं. पण मी सांगू का, पारदर्शक करूच नका. गडद निळी चौकट पूर्ण भरा, पणती तिच्यावर ठेवा, प्रश्नच मिटला.

आकाशाच्या पट्ट्या म्हणजे रंग कमी पडले. जिफच्या एका फ्रेमला फार तर २५६ रंग. त्यातले बरेचसे तुमच्या पणतीने आणि ज्योतीने खाल्ले. डिदरिंग चालू केलं तर पट्ट्या मोडतात, ठिपक्याठिपक्यांनी मधला रंग भासवला जातो, पण फाइल फुगते, कारण जिफचं कॉम्प्रेशन ओळीत सारखे पिक्सेल असले की खूश असतं आणि ठिपके म्हणजे त्याला चणे-फुटाणे. त्यापेक्षा आकाश सपाट एका रंगाचं करा. छटा हवीच असेल तर वरून खाली द्या, डावीकडून उजवीकडे नको, वरून खाली दिली की प्रत्येक आडवी ओळ एका रंगाची राहते आणि फाइल लहान होते.

आता ज्योत. तुम्ही दोनच फ्रेम केल्यात, ज्योत आहे आणि ज्योत नाही, म्हणून सिग्नल. ज्योत विझवायचीच नाही. तीन ज्योती काढा, सरळ, जरा डावीकडे कललेली, आणि थोडी उंच. क्रम एक, दोन, एक, तीन, दोन असा काहीतरी वेडावाकडा ठेवा. आणि वेळ सारखी देऊ नका. गिंपमध्ये लेअरच्या नावापुढे कंसात मिलिसेकंद लिहितात, आकडा आणि त्याला चिकटून रोमन एम-एस, ते तुम्हाला नातवाने शिकवलंच असेल, तिथे एकाला १२०, दुसर्‍याला ९०, तिसर्‍याला २०० असं द्या. वारा घड्याळ बघून येत नाही. पणती आणि आकाश खालच्या लेअरवर एकदाच, वरच्या लेअरांमध्ये फक्त ज्योत आणि तिच्या मागचा आकाशाचा तेवढाच तुकडा, म्हणजे नवी ज्योत आधीची झाकते. पूर्ण चित्र पाच वेळा साठवायची गरज नाही. एक्सपोर्ट करताना 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन' ची खूण विसरू नका.

आणि अख्खी चौकट लुकलुकवायचा मोह झाला तर आवरा. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही पडद्यावर असू नये असा वेबचा नियम आहे, काहींना त्याने फिट येऊ शकते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर ते जिफचा व्हिडिओ करून टाकतं, बारीक नाव जरा पुसट होईल. डॉक्युमेंट म्हणून पाठवलीत तर फाइल जशीच्या तशी जाते.

प्रश्न: लातूरहून लिहितोय, वकिली करतो. ईमेलखाली माझी पेनाने केलेली खरी सही लावायची आहे. कागदाचा फोटो काढला तर मागे राखाडी चौकोन येतो तो कसा घालवू?

उत्तर: कागद उजेडात ठेवून फोटो काढा, स्वतःची सावली पडू देऊ नका. मग लेव्हल्स उघडून उजवीकडचा पांढरा दांडा आत ओढा, कागद शुभ्र होईपर्यंत, आणि काळा दांडा थोडा आत, शाई ठसठशीत होईपर्यंत. मग तो लेअर मल्टिप्लायवर टाका. मल्टिप्लायमध्ये वरच्या आणि खालच्या रंगाचे आकडे गुणून २५५ ने भागतात. पांढरा म्हणजे २५५, त्याने गुणून त्यानेच भागलं की खालचा रंग होता तसा राहतो, कागद गायब, शाई तेवढी उरली. पट्टी गडद असेल तर फोटो इन्व्हर्ट करून स्क्रीन मोड, तेच उलट.

पण साहेब, हे सगळं सांगून झाल्यावर एक विचारते. तुम्ही वकालतनाम्यावर आणि चेकवर जी सही करता तीच ईमेलखाली लावणार? मी जे पाच ओळीत सांगितलं ते कुणालाही करता येतं, आणि तुमची सही असलेलं स्वच्छ चित्र तुम्हीच पुरवताय. वेगळी, शोभेची सही करा, नुसतं पहिलं नाव झोकात. आणि पट्टीतलं नाव-नंबर खाली साध्या अक्षरातही टाइप करा, कारण पुष्कळ मेलमध्ये चित्र आपोआप उघडत नाही आणि अशिलाला रिकामा चौकोन दिसतो.

प्रश्न: जेपीजी की पीएनजी? (नाशिक, सोलापूर, पुणे, पुणे, पुणे)

उत्तर: अक्षरं आणि सपाट रंग जास्त असतील तर पीएनजी. फोटो जास्त असेल तर जेपीजी, पण त्यात भडक लाल अक्षरं टाकू नका, जेपीजी रंगाची माहिती कमी ठेवतो आणि लाल कडा चिखल होतात. मूळ लेअरवाली फाइल वेगळी जपून ठेवा, हे पुण्याच्या तिघांनाही.

प्रश्न: देव बरें करूं. मडगावहून. नेटवर मिळालेली चित्रं कापून पट्टीत वापरली तर चालतात का? सगळेच वापरतात. मला जुन्या वळणाची, कॅलेंडरवरच्या देवीसारखी पट्टी करायची होती.

उत्तर: सगळे वापरतात म्हणून ती आपली होत नाहीत. २००३ च्या त्या दिवसांत मीही 'ट्यूब' गोळा करायचे, कुणी कुणी कापून ठेवलेल्या बाहुल्या आणि फुलं, मूळ चित्रकार कोण ते कधी विचारलं नाही. मग एकदा माझीच पट्टी दुसर्‍या बाईच्या नावासकट बघितली, माझं नाव खरवडून, आणि ते सुद्धा इतकं वाईट खरवडलेलं की माझ्या नावाची शिरोरेषा मागे तशीच राहिली होती! तेव्हा कळलं.

पण तुम्हाला जे हवंय त्यात अडचणच नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा गेले १९०६ ला. त्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तुम्ही म्हणताय तसल्या कॅलेंडरी लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या त्या तिथल्या छापांमुळेच. चित्रकार धुरंधरही १९४४ ला गेले, त्यांची पोस्टकार्डं फार गोड आहेत. हे सगळं आता मोकळं आहे. फक्त चित्राचा स्कॅन विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणाहून घ्या, तिथे हक्काबद्दल खाली लिहिलेलं असतं, आणि आजच्या कुणी त्यावरून नव्याने रंगवलेलं चित्र रविवर्म्याचं म्हणून उचलू नका.

घेतल्यावर अख्खं चित्र १२० पिक्सेलात कोंबायचं नाही हे आलंच, बारामतीकरांना सांगितलं तेच. रविवर्मा उभी चित्रं काढायचा आणि तुमची पट्टी आडवी. हंस-दमयंतीतला नुसता हंस घ्या. किंवा लक्ष्मीचा फक्त कमळ धरलेला हात, किंवा नुसते साडीचे काठ, ते तर पट्टीच्या खालच्या कडेला जसेच्या तसे बसतात. जुन्या छापाचा पिवळटपणा घालवू नका, कागदाचा तोच रंग आयड्रॉपरने उचलून बाकीची पट्टी भरा म्हणजे जोड दिसत नाही, आणि नावाला काळा न देता चित्रातलाच सगळ्यात गडद तपकिरी द्या. हंस घेतलात तर त्याची चोच नावाकडे राहील असा ठेवा, पाठ केलेला हंस फार उद्धट दिसतो. झालं की मला पाठवा, पुढच्या अंकात छापू.